औषधाशेजारचे ताट
(प्रस्तावना)

मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएसचे) निदान घेऊन माणूस घरी आला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या ताटावर सभा भरते. मावशी म्हणते, दूध सोड. चुलतभाऊ म्हणतो, गहू सोड, माझ्या ओळखीत एकाला गुण आला. शेजारचे काका गुळवेलीची काडी आणून देतात. मोबाइलवर कुणी परदेशी बाई फक्त फळे आणि पाने खाऊन खुर्चीतून उठल्याचे सांगत असते. त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला विचारले, तर ते कागदावरून मान वर न करता सांगतात, ‘पथ्य काही नाही, सगळे खा.’ एकीकडे आहाराने सगळे बरे होते असे सांगणारे आणि दुसरीकडे आहाराचा काही संबंधच नाही असे सांगणारे. या दोघांच्या मध्ये आजारी माणूस आणि त्याच्या घरचा स्वयंपाक अडकून पडतो. हे पुस्तक त्या मधल्या जागेसाठी आहे.

वनस्पतीजन्य आहार म्हणजे धान्य, डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे आणि थोड्या बिया यांच्यावर उभे असलेले जेवण. प्राणिजन्य पदार्थ त्यात नाहीत किंवा नावापुरते आहेत. एमएससोबत जगताना असा आहार उपयोगी पडतो का, पडत असेल तर कशासाठी आणि तो घेताना काय सांभाळावे, एवढेच प्रश्न पुढच्या पानांत हाताळले आहेत. पाककृती रायगड जिल्ह्याच्या, त्यातही पेण-रोह्याकडच्या घरांतल्या आहेत. त्याला एक कारण आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने आणि न गळता पुढे जातो. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा या आवरणालाच परके समजून त्याच्यावर चालून जाते. जिथे आवरण जाते तिथे संदेश मंदावतो किंवा थांबतो. म्हणून कुणाला एका डोळ्याने धूसर दिसू लागते, कुणाचा पाय जड होतो, कुणाला कमरेखाली मुंग्या येतात, तर कुणाची लघवी रोखली जात नाही. बहुतेकांमध्ये सुरुवातीला हे हल्ले येतात आणि ओसरतात. त्यांना रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘रिलॅप्स’ म्हणतात. पॅरिसच्या ज्याँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले. त्याची गती रोखणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, मात्र १९९३ मध्ये आले. मधली सव्वाशे वर्षे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आहाराचे प्रयोग त्या रिकाम्या काळात जन्मले, हे लक्षात ठेवायला हवे.

जगात सुमारे २८ लाख लोकांना एमएस आहे. आपल्याकडे तो दुर्मीळ समजला जाई. एमआरआय मशीन शहराशहरांत आल्यावर चित्र बदलले. मंगळुरूतल्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण सापडले. युरोपच्या मानाने हा आकडा लहान आहे. पण इतक्या मोठ्या देशात लाखामागे आठ हीही फार माणसे होतात. मुंबईत या आजाराचा अभ्यास पूर्वीपासून झाला. डॉ. भीम सिंघल यांनी भारतीय रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवल्या. डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएसचे प्रमाण लक्षणीय आहे. मुंबईतच १९८५ मध्ये ‘मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचे नाव स्वतंत्रपणे आले.

पारशी समाजाचे उदाहरण इथे मुद्दाम घेतले आहे. ‘भारतीय लोक शाकाहारी, म्हणून भारतात एमएस कमी’ असे विधान सर्रास ऐकू येते. ते टिकत नाही. एक तर या देशातले बहुसंख्य लोक शाकाहारी नाहीत. मंगळुरू तर मासे खाणाऱ्यांचे शहर. दुसरे म्हणजे, त्याच मुंबईच्या उन्हात आणि त्याच पाण्यावर राहणाऱ्या दोन समाजांत आजाराचे प्रमाण वेगळे असेल, तर वारशाने आलेल्या जनुकांचा वाटा मानावाच लागतो. त्यात विषाणूचाही हात आहे. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. आपल्याकडे ही लागण बहुतेकांना अगदी लहानपणी होऊन जाते. थंड, श्रीमंत देशांत ती अनेकदा तारुण्यात होते आणि उशिरा झालेली लागण जास्त त्रास देते. सूर्यप्रकाश, ड जीवनसत्त्व, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा हेही घटक आहेत. या यादीत आहार आहे, पण तो एका टोकाला बसलेला आहे. एखाद्याला एमएस झाला तो त्याने मटण खाल्ले म्हणून, असे कुणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

मग आहाराचा विचार करायचा कशाला? त्याची गोष्ट नॉर्वेत सुरू होते. डॉ. रॉय स्वँक यांच्या लक्षात आले की नॉर्वेच्या आतल्या भागात, जिथे लोणी, चीज आणि मांस भरपूर खातात, तिथे एमएस जास्त आहे. किनाऱ्यावरच्या मासेमार वस्त्यांत तो कमी आहे. ही पाहणी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर मॉन्ट्रियलमध्ये त्यांनी रुग्णांना संपृक्त चरबी अगदी कमी असलेल्या आहारावर ठेवायला सुरुवात केली होती. त्यांतल्या १४४ जणांचा ३४ वर्षे पाठपुरावा करून त्यांनी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी चरबी घेणारे रुग्ण जास्त जगले आणि कमी खचले. इतक्या चिकाटीने एवढी वर्षे रुग्ण सांभाळणारे डॉक्टर विरळाच. पण या अभ्यासात एक मोठी उणीव होती. तुलनेसाठी चिठ्ठी टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. ज्यांना पथ्य पाळता आले ते मुळातच कमी आजारी असतील, तर श्रेय पथ्याला द्यायचे की सौम्य आजाराला? ३४ वर्षांनीही हा प्रश्न तसाच राहिला. शिवाय स्वँक यांचा आहार शुद्ध वनस्पतीजन्य नव्हता. त्यात मासे आणि साय काढलेले दूध चालत होते.

चिठ्ठ्या टाकून केलेली, थेट वनस्पतीजन्य आहाराची चाचणी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ६१ रुग्ण, एक वर्ष. एका गटाला भात, बटाटे, कडधान्ये, भाज्या आणि फळे. मांस, मासे, अंडी, दूध बंद, वरून तेलही बंद. दुसऱ्या गटाचे नेहमीचे जेवण चालू. वर्षाअखेरीस मेंदूच्या एमआरआयमध्ये दोन गटांत फरक दिसला नाही. रिलॅप्सच्या संख्येत दिसला नाही. अपंगत्वाच्या मोजमापातही नाही. फरक दिसला तो वजनात, कोलेस्टेरॉलमध्ये आणि थकव्यात. पथ्याच्या गटातल्या लोकांचा थकवा कमी झाला.

हा निकाल नीट वाचला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्यातले अर्धेच वाचतात. पथ्यवादी थकव्याचे वाक्य उचलतात, औषधवादी एमआरआयचे. चाचणी लहान होती, वर्ष थोडे होते, आणि आपण पथ्यावर आहोत हे रुग्णांना ठाऊक होते. थकव्यासारखी गोष्ट रुग्णाच्या सांगण्यावरच मोजली जाते, तेव्हा या माहितीचा परिणाम होतोच. तरीही थकवा ही एमएसमधली किरकोळ बाब नाही. ज्याला तो येतो त्याला विचारा. रात्रभर झोपूनही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ केली की दिवस संपतो, नोकरी सुटते ती पायांमुळे नव्हे तर या थकव्यामुळे. त्याच्यावर खात्रीचे औषध अजून नाही. त्यामुळे जेवण बदलून तो थोडाही हलका होत असेल, तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

आणखी एक गंमत पाहा. आयोवातल्या डॉ. टेरी वॉल्स स्वतः एमएसच्या रुग्ण. त्यांचा आहार वनस्पतीजन्य आहाराच्या उलट. त्यात मांस आहे, धान्ये आणि कडधान्ये नाहीत. २०२१ मध्ये त्यांचा आहार आणि स्वँक यांचा आहार समोरासमोर ठेवून चाचणी झाली, तेव्हा थकवा दोन्ही गटांत उतरला. एकमेकांशी भांडणारी दोन पथ्ये जर सारखाच गुण देत असतील, तर गुण बहुधा त्यांच्यात सामाईक असलेल्या गोष्टींत असावा. भरपूर भाज्या, पाकिटबंद आणि तळलेल्या पदार्थांना सुट्टी, साखर कमी, आणि रोज विचार करून रांधलेले जेवण. आजवरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये घेतलेला कॉक्रेन आढावाही एवढेच सांगतो की कुठलाही आहार एमएसची चाल बदलतो असे म्हणण्याइतका पुरावा अजून हाती नाही. म्हणून या पुस्तकात वनस्पतीजन्य आहाराला औषधाची जागा दिलेली नाही. त्याला औषधाच्या शेजारी बसवले आहे.

आता पेण तालुक्याकडे वळतो. गागोदे बुद्रुक हे गाव मराठी माणसाला माहीत आहे ते विनोबांचे जन्मगाव म्हणून. ११ सप्टेंबर १८९५ रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या या गावात, नरहरपंत आणि रुक्मिणीबाई भाव्यांच्या घरी विनायकचा जन्म झाला. फणस पिकला की आधी शेजारच्या घरी पोचवायचा आणि मग आपण खायचा, हा त्या माउलीचा शिरस्ता विनोबांनी पुढे अनेकदा सांगितला. खाण्याला नीती असते हे ते गागोद्याच्या अंगणात शिकले. पोटाच्या दुखण्यामुळे ते भूदानाच्या पदयात्रेत वर्षानुवर्षे दूध-दह्यावर आणि थोड्या मधावर चालले. त्यांचे धाकटे भाऊ बाळकोबा क्षयाने खंगले होते. गांधीजींच्या देखरेखीखाली ते सावरले आणि पुढे पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात काम करत राहिले. हा आश्रम गांधीजींनी १९४६ च्या वसंतात उभा केला आणि मणिभाई देसाईंनी तो पुढे वाढवला. महाराष्ट्रात आहाराने आजार सांभाळण्याचा विचार ज्या माणसांनी गंभीरपणे जगून दाखवला, त्यांतली दोन माणसे गागोद्याच्या एका घरातली आहेत. पाककृतींसाठी याच भागातल्या चुली निवडण्याचे हेच कारण.

या परंपरेकडून काय घ्यायचे हे मात्र ठरवावे लागते. गांधीजींची दुधाची गोष्ट त्यासाठी उपयोगी आहे. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. फळे, शेंगदाणे, धान्य यांवर माणूस धडधाकट राहू शकतो, अशी त्यांची खात्री होती. १९१८ मध्ये आमांशाने ते मरणाच्या दारात गेले आणि अखेर शेळीचे दूध घ्यावे लागले. व्रत घेताना गाय-म्हैस डोळ्यांपुढे होती, असा आधार कस्तुरबांनी काढून दिला. तो आधार आपल्याला आयुष्यभर टोचत राहिला, हे त्यांनी कबूल केले. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर लिहितानाही दुधाला वनस्पतीतून पर्याय मिळाला नाही, हे त्यांनी लपवले नाही. स्वतःच्या आवडत्या मताविरुद्ध गेलेला अनुभव त्यांनी जाहीर मांडला, आणि तो शोध दुसऱ्या कुणी पुढे न्यावा असे सुचवले.

उत्तराचा एक महत्त्वाचा तुकडा १९४८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी हाती आला. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी ब-१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून पोचते. गांधीजींचे दुखणे ब-१२ अभावीच होते असे म्हणता येणार नाही. पण दूध नसलेला आहार लांब पल्ल्यावर का कमी पडतो, याचे कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. आज ते माहीत आहे, आणि ब-१२ औषधाच्या दुकानात काही रुपयांच्या गोळीत मिळते.

एमएसच्या माणसासाठी ब-१२ हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे, कारण ब-१२ कमी पडले तर मायलिनच झिजते. पायात मुंग्या, तोल जाणे, अंधारात चालताना धडपड, विसरभोळेपणा. ही लक्षणे एमएसशी इतकी मिळतीजुळती असतात की निदान करताना डॉक्टर आधी ब-१२ तपासून घेतात. आणि आपल्याकडे त्याची कमतरता घरोघरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शहर आणि खेड्यांतल्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांचे ब-१२ कमी निघाले. ही माणसे चहात दूध घेणारी होती. त्यांच्यापैकी कुणी आणखी पुढे जाऊन दूधही बंद केले, तर काय होईल याचा अंदाज बांधा. ज्या आजारात मायलिन वाचवायचे, त्याच आजाराच्या नावाने मायलिनला उपाशी ठेवायचे, असा हा उलटा व्यवहार होईल. म्हणून पहिल्या पाककृतीआधी पहिले काम सांगतो: ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या, डॉक्टरांकडून गोळीची मात्रा ठरवून घ्या, आणि मगच दूध थांबवा. गोळी न घेता हा आहार घेऊ नये. त्यात तडजोड नाही.

दुसरी गोष्ट आपल्या शाकाहाराची. ‘आमच्याकडे तर आधीपासूनच शाकाहार,’ असे सांगणाऱ्या घरात सकाळी साजूक तुपातला शिरा असतो, दुपारी वाटीभर खोबऱ्याचे वाटण, संध्याकाळी फरसाण आणि उपवासाला तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी. यात मांसाचा कण नाही. पण संपृक्त चरबी, मीठ आणि मैदा-साखर यांची बेरीज केली तर स्वँक यांनी कपाळावर हात मारला असता. वनस्पतीतून आले म्हणून ते हलके, हा समज कोकणात विशेष सांभाळावा लागतो, कारण खोबरेल तेलातल्या चरबीपैकी ८० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. नारळ वर्ज्य करा असे हे पुस्तक म्हणत नाही. कोकणी माणसाला असे सांगणे चालणारही नाही. वाटणाचा नारळ वरून भुरभुरण्यापुरता आणायचा आणि रस्सा वाटलेल्या वालाने किंवा भाजलेल्या कांद्याने दाट करायचा, एवढा बदल पुरतो.

बाकी रायगडच्या जमिनीने या आहाराची निम्मी तयारी करून ठेवली आहे. भात कापला की त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. हा कडवा वाल मोड काढून, सोलून बिरड्याला लागतो. प्रथिने, तंतुमय भाग, लोह सारे त्यात आहे. हिवाळ्यात शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, मधे वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी, मीठ आणि ओवा. मडके पाल्याने बंद करून उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. हल्ली त्यात कोंबडी आणि अंडी घालतात, पण बिनमांसाची पोपटी अजून जुन्या माणसांना जास्त आवडते. ओरेगॉनच्या चाचणीतले लोक जे बिनतेलाचे जेवण शिकायला शिबिरात बसले होते, ते इकडे पिढ्यान्पिढ्या सहलीचे जेवण आहे.

पाऊस सुरू झाला की पेणच्या बाजारात कातकरी आणि ठाकर बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. शेवळाची खाज मारायला काकडे लागतात, हे त्याच सांगतात आणि काकडेही त्यांच्याच टोपलीत असतात. दूध सोडल्यावर कॅल्शियमचे काय, या प्रश्नाचे उत्तर नाचणीत आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिळाची चटणी त्यात भर घालते. रिलॅप्ससाठी स्टेरॉइडची सलाइन वारंवार घ्यावी लागलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होऊ शकतात, म्हणून नाचणीची भाकरी आणि आंबील यांना पुस्तकात वेगळा विभाग दिला आहे. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आहे. ती मूळची देशावरची आणि विदर्भातली, पण पेणच्या पोह्यांवरही छान लागते.

मासळीचा प्रश्न टाळून चालणार नाही. पेण, रोहा, अलिबागकडच्या आगरी आणि कोळी घरांत मासळीवाचून ताट पूर्ण होत नाही. स्वँक यांनी मासे सोडायला सांगितले नव्हते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉर्ज जेलिनेक यांना १९९९ मध्ये एमएसचे निदान झाले. त्यांनी आखलेल्या वनस्पतीजन्य आहारातही मासे आहेत. ज्यांना तत्त्वासाठी मासे नकोत त्यांनी घेऊ नयेत. पण केवळ एमएसच्या भीतीने बांगडा आणि मांदेली सोडण्याला पुराव्याचा आधार नाही. तळलेल्या तुकड्याऐवजी तिखल्यातला तुकडा घ्यावा, आणि सुक्या मासळीतल्या मिठाकडे लक्ष ठेवावे. पुस्तकातल्या पाककृती वनस्पतीजन्य आहेत. त्यांच्या शेजारी आठवड्यातून दोनदा कालवण असेल, तर पुस्तकाचे काही बिघडत नाही.

आहाराच्या पुस्तकांत सहसा न येणारा एक मुद्दा आहे: हे जेवण करणार कोण? एमएस पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीत होतो. म्हणजे आपल्या घरांत ज्या बाईला आजार होतो, अनेकदा स्वयंपाकही तिच्याच अंगावर असतो. घरच्यांसाठी एक जेवण आणि स्वतःसाठी दुसरे पथ्याचे, असे दुहेरी रांधणे तिला झेपत नाही. त्यात उष्णता हा एमएसचा शत्रू. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी जुनी लक्षणे उसळतात. उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी हे १८९० मध्येच नोंदवले होते. मे महिन्यातल्या कोकणच्या दमट दुपारी गॅसपुढे उभे राहून जे पथ्य तयार करावे लागते, ते पथ्य तिचा थकवा वाढवणारच. म्हणून इथल्या बहुतेक पाककृती एका कुकरच्या आहेत, बसून निवडता-चिरता येण्याजोग्या आहेत, आणि घरातल्या सगळ्यांनी खाव्यात अशा आहेत. कडधान्याला मोड आणणे, वाल सोलणे ही कामे नवऱ्याने आणि मुलांनी करावीत, असे जागोजागी लिहिले आहे. ही सूचना पाककृतीचाच भाग समजावी.

काही इशारे थोडक्यात. लघवीच्या त्रासामुळे एमएसची माणसे पाणी कमी पितात. त्यात कडधान्ये आणि पालेभाज्या वाढल्या तर बद्धकोष्ठ उलट वाढते, तेव्हा पाण्याचे वेळापत्रक ठेवावे. गिळताना ठसका लागत असेल तर मोकळ्या उसळीऐवजी घोटलेले वरण घ्यावे. डायमिथिल फ्यूमरेटसारखी गोळी जेवणासोबत घेतली तर अंग तापणे आणि पोट बिघडणे कमी होते, म्हणून जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळीच्या वेळा पाहाव्यात. ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने मनाने घेऊ नयेत, त्याचा अतिरेकही घातक असतो. आणि गुळवेल. ती कोकणात कुंपणाकुंपणावर आहे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून दिली जाते. एमएसमध्ये प्रतिकारयंत्रणाच भलतीकडे धावत सुटलेली असते, तिला आणखी चिथावण्यात काय अर्थ? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. वनस्पती असणे हे निरुपद्रवी असण्याचे प्रमाणपत्र नाही.

औषधांबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. गेल्या तीस वर्षांत रिलॅप्स कमी करणारी आणि आजाराची गती रोखणारी औषधे आली. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ऑक्रेलिझुमॅबसारखी काही फार प्रभावी आहेत. ती महाग आहेत. त्यामुळे भारतात अनेक न्यूरॉलॉजिस्ट तुलनेने स्वस्त रिटुक्सिमॅब वापरतात. खर्चाच्या धास्तीने कुणी औषध सोडून ताटाकडे वळत असेल, तर त्याची अडचण समजते, पण सौदा फसवा आहे. मायलिन गेले की आतला तंतूही हळूहळू मरतो, आणि मेलेला तंतू नाचणीने परत येत नाही. पैशांची अडचण असेल तर ती डॉक्टरांपुढे उघड मांडावी, स्वस्त पर्याय, शासकीय रुग्णालय, रुग्णसंस्था असे मार्ग विचारावेत. औषध थांबवण्याचा निर्णय स्वयंपाकघरात घेऊ नये.

पुस्तक वापरायचे कसे, ते आता सांगतो. आधी रक्ताच्या तपासण्या. मग एका वहीत दोन आठवडे नेहमीचेच खाऊन रोजचा थकवा शून्य ते दहा अशा आकड्यात लिहावा, झोप लिहावी, चाललेले अंतर लिहावे. त्यानंतर ताट बदलावे, तेही एकदम नव्हे. आधी तळण, बेकरी आणि फरसाण, मग तूप-लोणी, मग दूध. सहा महिने वही चालू ठेवावी आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जावे. वजन गरजेपेक्षा उतरत असेल तर थांबावे. थकवा हलका झाला, पोट साफ राहू लागले, कोलेस्टेरॉल उतरले, तर हा आहार आपल्या कामाचा आहे. काहीच बदलले नाही, तर तसे वहीत लिहून ज्या पद्धतीचे जेवण सुखाचे वाटते तिकडे परतावे. दूध पुन्हा सुरू करणाऱ्या माणसाने कमीपणा वाटून घेऊ नये. त्या यादीत पहिले नाव गांधीजींचे आहे.

शेवटचा मुद्दा घरच्यांसाठी. आपल्याकडे आजार बळावला की पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लेस?’ तो प्रश्न काळजीने विचारला जातो, पण ऐकणाऱ्याला आरोपासारखा लागतो. एमएसमध्ये रिलॅप्स काटेकोर पथ्य पाळणाऱ्यालाही येतो आणि लग्नात जिलेबी खाणाऱ्याला वर्षभर येत नाही, असेही होते. आजाराची चाल कुणाच्याही जिभेच्या ताब्यात नाही. तेव्हा रिलॅप्स आला तर ताटाची चौकशी करत बसू नका, त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला फोन करा. ताट त्या माणसाला रोजचे बळ देण्यासाठी आहे, त्याच्यावर खटला चालवण्यासाठी नाही. एवढे घरात सर्वांना मान्य असेल, तर पुढचे पान उलटायला हरकत नाही. पहिली पाककृती वालाच्या बिरड्याची आहे, आणि वाल आज रात्रीच भिजत घालावे लागतील.